जुन्या बीएमडब्ल्यूच्या व्हॅनोसचे सील: अख्खं युनिट बदलण्याआधी हे वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. २००४ची बीएमडब्ल्यू ३२५आय (ई-४६, म्हणजे त्या पिढीची ३-सिरीज), ऑटोमॅटिक, गाडी पुण्यात, एक लाख किलोमीटरही पुरे झालेले नाहीत. ३००० आरपीएमच्या खाली पिकअप नाही, पाय दाबला तर गाडी दबल्यासारखी होते आणि मग एकदम उचल खाते. सकाळी पहिल्या स्टार्टला आयडलिंग हलतं, ॲव्हरेज उतरलंय. स्कॅनर लावला तर एकही कोड नाही. गॅरेजवाला म्हणतो व्हॅनोस (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ मागे-पुढे करणारी यंत्रणा) गेलं, अख्खं युनिट बदलावं लागेल, आणि आकडा ऐकून तुम्ही गाडी विकायच्या विचारात आहात. नुसते सील बदलून भागेल का, आणि घरी जमेल का, हे तुम्हाला हवंय.

भागेल. बहुतेक वेळा युनिटची ॲल्युमिनियमची बॉडी ठणठणीत असते, गेलेलं असतं ते आतलं चार आण्याचं रबर. घरी जमेल का, ते तुमच्या हातावर आणि टॉर्क रेंच आहे की नाही त्यावर. त्याआधी दोन गोष्टी सांगतो: इंजिन नेमकं कोणतं, आणि दोष खरंच व्हॅनोसचा आहे का.

तुमचं इंजिन एम-५४, अडीच लिटरचं, एका ओळीत सहा सिलिंडर. कंपनीच्या कागदावर १९२ पीएस आणि ३५०० आरपीएमला २४५ न्यूटन मीटर. हीच रचना आधीच्या एम-५२टीयूमध्ये आहे, म्हणजे १९९८ नंतरच्या ई-४६ आणि ई-३९ (५-सिरीज) गाड्यांमध्ये. एम-५४ तर एक्स-५ ३.०आय, पहिली एक्स-३, झेड-४ आणि सुरुवातीच्या ई-६० ५२५आय-५३०आय यांतही आलं. २००७मध्ये चेन्नईच्या कारखान्यातून गाड्या निघायला लागल्या तोवर एम-५४चे दिवस सरले होते. म्हणून आपल्याकडे या इंजिनाच्या गाड्या त्याआधी बाहेरून आलेल्या, आणि त्यांचं काम हातून गेलेले मिस्त्रीही मोजकेच. पुढच्या एन-५२ इंजिनात व्हॅनोस पाकळ्यांच्या रचनेचं आहे, त्याला हे पिस्टनचे सील नसतातच. तरी लोक एन-५२साठी हा सील किट मागवतात आणि मग डब्यात ठेवून देतात. उलट बाजूला एम-३चं एस-५४ इंजिन: तिथे व्हॅनोसला ११५ बारच्या आसपास दाबाचा वेगळा पंप आहे. खाली लिहिलेलं त्याला लागू नाही.

आता आत काय चालतं ते. सिलिंडर हेडच्या पुढच्या तोंडावर बसवलेल्या व्हॅनोसच्या डब्यात दोन पिस्टन आहेत, एक इनटेक कॅमसाठी (हवा आत घेणारे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), एक एक्झॉस्टसाठी. प्रत्येक पिस्टनच्या दोन्ही बाजूंना इंजिन ऑइल येतं, आणि कुठल्या बाजूला किती सोडायचं ते सॉलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) ठरवतो. पिस्टन पुढे-मागे सरकला की त्याला जोडलेला तिरक्या दात्यांचा शाफ्ट सरकतो, आणि तिरक्या दात्यांमुळे कॅम त्याच्या स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चाकाच्या) तुलनेत थोडा फिरतो. क्रँकच्या हिशेबाने इनटेक ४० अंशांपर्यंत हलतो, एक्झॉस्ट २५ अंशांपर्यंत. पिस्टनच्या खाचेत खाली एक रबरी ओरिंग असते आणि तिच्यावर टेफ्लॉनची रिंग. सिलिंडरच्या भिंतीला घासते ती टेफ्लॉन; तिला भिंतीवर दाबून धरते ती खालची ओरिंग. टेफ्लॉनमध्ये स्वतःची लवचीकता जवळजवळ नाही. जोर सगळा ओरिंगचा.

मूळ ओरिंग नायट्राइल रबरची, म्हणजे बुना-एनची. या इंजिनाचा थर्मोस्टॅट ९७ अंशांचा आहे. इंधन वाचावं म्हणून इंजिन मुद्दाम गरम चालवलेलं आहे. त्यात व्हॅनोस हेडच्या तोंडावर, सतत गरम तेलात. नायट्राइलला हे वर्षानुवर्षं झेपत नाही. ते आखडतं, चपटं होतं, आणि कुकरचं जुनं रबर जसं बसलेलं दिसतं पण वाफ सोडतं, तसं पिस्टनच्या एका बाजूचं तेल दुसऱ्या बाजूला सोडायला लागतं. मग इंजिनाच्या कंट्रोल युनिटने (संगणकाने) मागितलेली जागा कॅमला पटकन गाठता येत नाही, गाठली तरी धरता येत नाही. खालच्या आरपीएमला तेलाचा दाब कमी, त्यामुळे गळतीचा परिणाम तिथे सर्वांत जास्त जाणवतो. आरपीएम वाढला की पंपाचा दाब गळतीवर मात करतो. तुमची ३००० नंतरची उचल यातूनच येते.

म्हणून 'गाडी तर कमी चाललीय' हा युक्तिवाद इथे चालत नाही. हा दोष किलोमीटरचा कमी आणि वयाचा-उष्णतेचा जास्त आहे. कर्वे रोडच्या ट्रॅफिकमध्ये तासभर उभं राहून काढलेले दहा किलोमीटर त्या रबराला हायवेच्या शंभरापेक्षा महाग पडतात. वीस वर्षांची गाडी असेल आणि सील कधी बदललेले नसतील, तर ते गेलेले आहेत असं धरूनच चालावं. फक्त तक्रार किती जाणवते एवढाच फरक.

कोड का येत नाही? कंट्रोल युनिट कोड टाकतं ते कॅम फारच मागे पडला किंवा अडकला तर. हळू चालणारा, सुस्त कॅम त्याच्या मर्यादेत बसतो. त्यामुळे साध्या ओबीडी स्कॅनरवर 'नो फॉल्ट' दिसलं म्हणून व्हॅनोस निर्दोष ठरत नाही. इन्पा किंवा इस्टा (बीएमडब्ल्यू तपासायची सॉफ्टवेअर) असलेल्या माणसाकडे गाडी न्या आणि मागितलेला कॅम अँगल आणि प्रत्यक्ष अँगल शेजारी ठेवून बघायला सांगा. गाडी गरम असताना, हलका थ्रॉटल देत. प्रत्यक्ष आकडा मागितलेल्याच्या मागे रेंगाळताना दिसला की उत्तर मिळालं.

पण त्याहीआधी हवेची गळती बघा. हे मी दरवेळी बजावतो, कारण हीच लक्षणं देणारी तीन-चार दुखणी या इंजिनात कायम मुक्कामाला असतात. एअर मीटर (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर) आणि थ्रॉटल यांच्यामधल्या रबरी बूटला खालच्या वळ्यांमध्ये चिरा जातात; वरून बघितलं तर बूट नवा दिसतो, काढून वाकवला की चीर तोंड उघडते. क्रँककेसचा ब्रीदर व्हॉल्व्ह आणि त्याचे प्लॅस्टिकचे पाइप इतके ठिसूळ होतात की हात लावताच तुटतात. इनटेक मॅनिफोल्डवरच्या डिसा व्हॉल्व्हची (आत येणाऱ्या हवेची वाट बदलणारा) झडप सैल होते, कधी तिची पिन निसटते, आणि ती पिन इंजिनात गेली तर हा सगळा विषयच संपला. तेव्हा डिसा बाहेर काढून झडप हाताने हलवून बघाच. स्मोक टेस्ट (धूर सोडून गळती शोधणं) करून घ्या. कॅम सेन्सर आणि एअर मीटर तपासा. हे सगळं ठीक असेल, किंवा ठीक केल्यावरही खालचा दम परत आला नसेल, तरच व्हॅनोस उघडा. सील बदलून फाटका बूट तसाच ठेवला तर तुम्ही मला शिव्या द्याल, आणि चूक माझी नसेल.

किट घेताना एकच गोष्ट विचारायची: ओरिंग कुठल्या रबरची आहे? व्हायटन हवी. व्हायटन दोनशे अंशांच्या आसपास टिकते, तेलात आखडत नाही. बायसन सिस्टिम्सचा किट याच कारणासाठी नावाजलेला आहे, त्यात व्हायटन ओरिंग आणि टेफ्लॉन रिंग दोन्ही येतात. बाजारात नुसत्या मापाने जुळणारी काळी ओरिंग मिळेल, दुकानदार 'साहेब, सेमच आहे' म्हणेल. ती नायट्राइल असेल तर काही वर्षांनी पुन्हा हाच उद्योग. आणि याच तर्काने बघा: नवं युनिट आणलं आणि त्याच्याही आत नायट्राइलच असेल, तर मोठी रक्कम मोजून तुम्ही तोच दोष पुन्हा विकत घेतला. युनिट बदलायचं ते बॉडीला तडा असेल किंवा आतला बोअर खरवडला गेला असेल तरच.

किटबरोबर टॅपेट कव्हरचं पॅकिंग पूर्ण सेट घ्या, स्पार्क प्लगच्या विहिरींच्या रिंगांसह. व्हॅनोस आणि हेडमधलं गॅस्केट घ्या. तेलाच्या पाइपच्या बँजो बोल्टचे (आतून तेल जाणारा पोकळ बोल्ट) दोन वॉशर घ्या. सिलिकॉन सीलंटची एक ट्यूब. जुनं पॅकिंग परत लावायचा मोह आवरा. वीस वर्षांचं टॅपेट पॅकिंग लाकडासारखं झालेलं असतं आणि त्याचं तेल थेट गरम एक्झॉस्टवर पडतं.

आता काम. इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. केबिन फिल्टरचं घर, वरची प्लॅस्टिक कव्हरं, सहाही कॉइल काढा. कॉइलच्या स्टडवर अर्थिंगची वायर असते. कुठली कुठे होती त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, शेवटी ती विसरली जाते आणि गाडी मिसिंग मारते. ब्रीदरचा पाइप कव्हरवरून सोडवा. टॅपेट कव्हर मागच्या बाजूला काचेखालच्या पट्टीत अडकतं, जोर न लावता पुढे उचलून तिरकं काढावं लागतं. तुमची गाडी ऑटोमॅटिक आहे, म्हणजे पुढे क्लचवाला पंखा असणार. त्याचं नट ३२चं, आणि आटे उलटे. पंखा निघाला की हाताला जागा मिळते.

क्रँकच्या पुढच्या बोल्टवर २२ची गोटी (सॉकेट) लावून इंजिन फक्त घड्याळाच्या दिशेने फिरवा. पहिल्या सिलिंडरचे इनटेक आणि एक्झॉस्टचे कॅम एकमेकांकडे तोंड करून तिरके उभे राहिले की थांबा, पहिला सिलिंडर टीडीसीवर आला, म्हणजे त्याचा पिस्टन सर्वांत वर. फ्लायव्हीलची लॉकिंग पिन मिळाली तर घाला. कॅमच्या मागच्या चौकोनी टोकांवर बसणारे ब्लॉक असतील तर दुधात साखर. पण नुसत्या सीलसाठी टायमिंग उघडावं लागत नाही, कारण तिरक्या दात्यांचे शाफ्ट कॅमकडेच राहतात आणि डबा तेवढा निघून येतो. एकच अट: डबा निघालेला असताना इंजिनाला किंवा कॅमला हात लावायचा नाही. कुणी उत्साहाने 'जरा फिरवून बघू' म्हणालं तर त्याला चहा आणायला पाठवा.

सॉलेनॉइडचे आणि एक्झॉस्ट कॅम सेन्सरचे कनेक्टर सोडा. तेलाच्या पाइपचा १९चा बँजो बोल्ट काढा, खाली फडकं धरा. मग डब्याच्या तोंडावरचे दोन मोठे प्लग (बुचं) काढा. त्यांच्यामागे तेल साठलेलं असतं, ते भसकन येतं. आतलं झाकण लांब चोचीच्या पकडीने ओढलं की पिस्टनच्या मध्यभागी टी-३०चा छोटा स्क्रू दिसतो. शाफ्ट पिस्टनला धरून ठेवतो तो हा. आणि याचे आटेही उलटे आहेत. सवयीने लोक डावीकडे फिरवतात, स्क्रू हलत नाही, आणखी जोर, आणि टॉर्क्सचं डोकं गोल होतं. मग या कामाचा खरा त्रास सुरू होतो. घड्याळाच्या दिशेने फिरवा, सुटेल. बिट चांगल्या प्रतीचा हवा, पूर्ण आत बसलेला, सरळ धरलेला.

त्याआधी आणखी एक. टॅपेट कव्हर निघालं की पुढच्या बाजूला टायमिंग चेनची खोल विहीर उघडी पडते. ती स्वच्छ फडक्याने भरून टाका. धाग्याधाग्यांचं वेस्ट नको, सलग कापड हवं. त्यात पडलेला वॉशर किंवा छोटा स्क्रू थेट ऑइल पॅनमध्ये जातो, आणि ई-४६चा पॅन काढायचा म्हणजे पुढचा सबफ्रेम उतरवायचा.

दोन्ही स्क्रू सुटले की इंजिन उचलायचा हुक आणि डब्याचे १०चे नट-बोल्ट काढा आणि डबा सरळ आपल्याकडे ओढा. वाकडा ओढू नका. गॅस्केट चिकटलेलं असतं. प्लॅस्टिकच्या पट्टीने सोडवा, स्क्रू ड्रायव्हर घालून ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग उकरू नका.

टेबलावर आल्यावर पिस्टन बाहेर काढा. जुने सील असतील तर पिस्टन बोटाने ढकलला तरी सरसर जातो, अडवणारं काहीच नसतं. टेफ्लॉनची रिंग ब्लेडने एका जागी अलगद कापा. पिस्टनच्या खाचेला ओरखडा येता कामा नये, कारण त्याच ओरखड्यातून उद्या तेल जाईल. तिच्याखालून जी ओरिंग येते ती एकदा हातात घेऊन बघा. मुळात तिचा छेद गोल असतो. आता तो चपटा, जवळजवळ चौकोनी झालेला असतो. नखाने दाबली तर दबत नाही. वाकवली तर बऱ्याचदा काडीसारखी मोडते. तुमच्या गाडीच्या हरवलेल्या पिकअपचा पुरावा तो तुकडा आहे. गॅरेजवाल्याला दाखवायला जपून ठेवा.

खाच ब्रेक क्लीनरने धुवा, हवा मारा. नवी ओरिंग तेल लावून बसवा, पीळ पडला नाही हे बोट फिरवून बघा. टेफ्लॉनची रिंग कोमट-गरम पाण्यात दोन मिनिटं ठेवली की मऊ पडते. एक बाजू खाचेत धरून दुसरी बाजू हळूच पिस्टनच्या कडेवरून ओढायची, चारी बाजूंनी थोडी थोडी. नखांनी नाही, बोटांच्या पेरांनी. बसल्यावर ती ताणलेली, बाहेर आलेली दिसते आणि माणूस घाबरतो की ही आत जाणार कशी. मुठीत धरून चारी बाजूंनी दाबत राहा, तेल लावून सिलिंडरच्या तोंडाशी फिरवत फिरवत आत न्या, थोडा वेळ आतच ठेवा. बाहेर काढून बघाल तर रिंग मापात आलेली असते. आता पिस्टन हाताने सरकवला तर सगळीकडे सारखा, गुळगुळीत अडसर लागतो. जुन्या आणि नव्या सीलमधल्या या फरकासाठीच हा खटाटोप.

डबा टेबलावर आहे तोवर दोन कामं उरकून घ्या. सॉलेनॉइडला क्षणभर १२ व्होल्ट द्या, 'टक' असा स्वच्छ आवाज आला पाहिजे. आणि पिस्टनच्या मधल्या बेअरिंगमध्ये पुढे-मागे खेळ आहे का तो बघा. गरम इंजिनात २००० आरपीएमच्या आसपास पुढून गोट्या हलल्यासारखी खडखड येत असेल, तर ती या खेळाची. सील बदलून ती जात नाही. त्यासाठी बेअरिंगमध्ये वेगळ्या रिंगा घालाव्या लागतात, त्यांचा किट वेगळा मिळतो. काम नाजूक आहे, पण डबा दुसऱ्यांदा काढण्यापेक्षा आत्ताच केलेलं बरं. आवाज नसेल तर तिकडे हात घालू नका.

बसवताना उलट क्रम. दोन्ही पृष्ठभाग कोरडे, तेलाचा अंशही नको. नवं गॅस्केट, आणि हेड आणि डबा जिथे वर भेटतात त्या कोपऱ्यांवर सीलंटचा हरभऱ्याएवढा थेंब. बोटभर लावलेलं सीलंट आत सुटून तेलाच्या वाटेत जातं. टी-३०चे स्क्रू डावीकडे फिरवून घट्ट होतात हे हाताला आठवण करून द्या. विहिरीतलं फडकं काढलं का, हे कव्हर लावण्याआधी मोठ्याने विचारा. कव्हरचे बोल्ट १० न्यूटन मीटर, मधून बाहेर, दोन फेऱ्यांत. बाकीचे टॉर्क मॅन्युअलमधून घ्या, अंदाजाने नको. ॲल्युमिनियमचे आटे गेले की दुरुस्ती सीलपेक्षा कितीतरी महाग.

घरी करायचं तर पूर्ण शनिवार-रविवार हाताशी ठेवा. सवयीच्या माणसाला एक दिवस पुरतो. टॉर्क रेंच कधी हातात धरला नसेल तर कामगाराला पैसे द्या, पण किट स्वतः आणून द्या आणि जुन्या ओरिंगा परत मागा.

पहिल्या स्टार्टला क्षणभर आवाज येईल, डब्यात तेल भरेपर्यंत. फरक काहींना लगेच जाणवतो, पण टेफ्लॉनला बोअरमध्ये बसायला तीनेकशे किलोमीटर लागतात, तेवढ्यात निकाल लावू नका. या काळात इंजिन रेटू नका, पण दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये खालून हळूहळू उचलत न्या म्हणजे व्हॅनोस त्याच्या पूर्ण पल्ल्यात फिरेल. ३०० किलोमीटर झाले की बँजो बोल्ट आणि डब्याच्या खालच्या कडेला टॉर्च मारून ओल आहे का बघा. असेल तर बोल्ट आणखी आवळू नका. वॉशर बदला.